राईनपाडा, २०१८ : मजकूर न वाचता अफवेला लगाम घालताना

१ जुलै २०१८, रविवार. धुळे जिल्ह्यातल्या साक्री तालुक्यात राईनपाड्याचा आठवडी बाजार भरला होता. नाथपंथी डवरी गोसावी समाजातले पाच जण भिक्षा मागत तिथे आले. त्यांतले बहुतेक सोलापूर जिल्ह्याच्या मंगळवेढा भागातले. पोलिसांच्या माहितीनुसार त्यांच्यापैकी एकाने एका लहान मुलीशी बोलायचा प्रयत्न केला आणि बाजारात ओरडा झाला, मुलं पळवणारी टोळी आली. जमावाने पाचही जणांना ग्रामपंचायतीच्या कार्यालयात कोंडलं आणि मारहाण करून ठार केलं. आधीचे कित्येक दिवस त्या पट्ट्यात व्हॉट्सॲपवर मुलं पळवणाऱ्या टोळ्यांचे व्हिडिओ फिरत होते.

त्याच दिवशी मालेगावातही अशाच संशयावरून जमावाने एका कुटुंबाला घेरलं. त्यांच्यासोबत दोन वर्षांचं मूल होतं. पोलीस वेळेवर पोहोचले आणि सगळे वाचले. अफवा एकाच जातीची होती, जमावही तसाच होता. मालेगाव शहर आहे आणि पोलीस ठाणं हाकेच्या अंतरावर आहे. राईनपाडा आडवळणाला आहे आणि तिथे पोचलेलं पोलीसबळ जमावापुढे अपुरं होतं. पुढचं सगळं तांत्रिक विवेचन वाचताना हा फरक लक्षात असू द्यावा.

ऑनलाइन मजकुराच्या नियमनाची चर्चा बहुतेक वेळा फेसबुक, यूट्यूब, एक्स अशा जाहीर जागांभोवती फिरते : कोणती पोस्ट ठेवायची, कोणती काढायची, हे कोणी ठरवायचं. राईनपाड्याच्या प्रकरणात तो प्रश्नच लागू होत नव्हता. संदेश ज्या वाटेने गेले ती वाट कंपनीला आतून दिसत नव्हती. म्हणूनच हे प्रकरण बारकाईने पाहण्याजोगं आहे. मजकुरावर बोट न ठेवता नुकसान कसं कमी करायचं, आणि ते करताना खासगीपणा, अभिव्यक्ती आणि कायद्याची रीत कशी शाबूत ठेवायची, हा प्रश्न इथे सर्वांत उघडा पडतो.

फिरत काय होतं

त्या वर्षी देशभर फिरलेली सर्वांत प्रसिद्ध चित्रफीत कराचीची होती. मोटरसायकलवरचे दोघे रस्त्यावर खेळणाऱ्या मुलांपाशी येतात आणि एका मुलाला उचलून पळ काढतात. मूळ चित्रफीत तिथे संपत नाही. ते दोघे परत येतात, मुलाला खाली उतरवतात आणि हातातला फलक उघडतात. मुलांच्या सुरक्षिततेबद्दल जागृती करण्यासाठी तिथल्या एका संस्थेने ती २०१६ मध्ये बनवली होती. कोणीतरी शेवटचे काही सेकंद कापले आणि जाहिरातीचा पुरावा झाला. दुसरी ठळक सामग्री सीरियातली. ऑगस्ट २०१३ मध्ये घूता इथे झालेल्या रासायनिक हल्ल्यात मेलेल्या मुलांची दृश्यं, अवयव काढून टाकलेली मुलं म्हणून पाठवली जात होती.

म्हणजे दृश्यं बनावट नव्हती. कराचीची फीत खरोखर चित्रित केलेली होती, घूताची मुलं खरोखर मेली होती. खोटं होतं ते सोबत जोडलेलं वाक्य : ‘आपल्या तालुक्यात टोळी शिरली आहे, सावध राहा.’ हे वाक्य कधी लिहिलेलं असे, कधी आवाजी संदेशातून आलेलं, कधी पाठवणाऱ्याने तोंडीच सांगितलेलं. प्रत्येक तालुक्यात गावांची नावं बदलत. अमुक व्हिडिओ ‘खोटा’ ठरवून त्याची यादी केली, तरी हे वाक्य त्या यादीत सापडत नाही. त्यातच तीच फीत खोटं उघड करणाऱ्यांनीही पाठवली होती. फाइल तीच, हेतू उलटा.

इथे आणखी एक गोष्ट होती. साक्रीच्या पश्चिम पट्ट्यात घरची भाषा प्रमाण मराठी नाही, तिथे अहिराणी आणि आदिवासी बोली बोलल्या जातात. भीती चित्रातून आणि आवाजातून येत होती. खुलासा यायचा तो लिखित प्रमाण मराठीत, पत्रकाच्या भाषेत. दोघांची पोच सारखी असणं शक्यच नव्हतं.

कंपनीच्या हातात काय होतं

व्हॉट्सॲपने एप्रिल २०१६ पासून दोन टोकांमधलं कूटलेखन (एंड-टू-एंड एन्क्रिप्शन) सर्वांसाठी लागू केलं. संदेश पाठवणाऱ्याच्या फोनवर कुलूपबंद होतो आणि घेणाऱ्याच्या फोनवरच उघडतो. मधल्या सर्व्हरला मजकूर दिसत नाही. तेव्हा भारतात या ॲपचे वीस कोटींहून जास्त वापरकर्ते होते.

कंपनीला काहीच दिसत नाही असा मात्र याचा अर्थ नाही. कोणता क्रमांक कधी सुरू झाला, तो किती वेगाने किती जणांना संदेश पाठवतो, ग्रुपचं नाव आणि चित्र काय आहे, या गोष्टी कूटलेखनाबाहेर राहतात. कोणी तक्रार केली तर त्या चॅटमधले शेवटचे पाच संदेश तक्रारीसोबत कंपनीकडे जातात. एवढ्या सामग्रीवर कंपनी खाती बंद करते. १५ मे ते १५ जून २०२१ या पहिल्या मासिक अहवालात तिने भारतातली २० लाखांहून अधिक खाती बंद केल्याचं सांगितलं, त्यांतली ९५ टक्क्यांहून जास्त घाऊक किंवा यंत्रवत संदेश पाठवल्याबद्दल.

राईनपाड्याच्या अफवेला ही चाळणी लागू पडत नाही. ती पसरवणारे यंत्रवत नव्हते. त्यांत आया होत्या, शिक्षक होते, दुकानदार होते, आणि ‘खोटं असलं तरी सावध केलेलं बरं’ या भावनेने ते एकेकदा पाठवत होते. प्रत्येकाचं वर्तन अगदी साधं होतं. धोका सगळ्यांच्या बेरजेत होता.

पाचचा आकडा

जुलैच्या पहिल्या आठवड्यात केंद्राच्या इलेक्ट्रॉनिकी व माहिती तंत्रज्ञान मंत्रालयाने कंपनीला खडसावलं. १० जुलैच्या सुमारास वृत्तपत्रांत पानभर जाहिराती आल्या आणि पुढे पाठवलेल्या संदेशावर तशी खूण दिसू लागली. १९ जुलैला मंत्रालयाने दुसरी नोटीस काढून संदेशाचा माग लावण्याची सोय मागितली. त्याच सुमारास कंपनीने मूळ बदल जाहीर केला : भारतात एक संदेश एका वेळी फक्त पाच चॅटना पुढे पाठवता येईल, उरलेल्या जगात वीसना. तोवर ही मर्यादा अडीचशेच्या आसपास होती. चित्र आणि व्हिडिओशेजारी पटकन पुढे पाठवण्यासाठी जो बाण होता, तोही भारतात काढून टाकला. जानेवारी २०१९ पासून पाचची मर्यादा जगभर लागू झाली.

हिशेब मांडून पाहू. तेव्हा एका ग्रुपमध्ये जास्तीत जास्त २५६ जण असू शकत. वीस ग्रुप म्हणजे ५,१२० जण, पाच ग्रुप म्हणजे १,२८०. एका फेरीत चौपट फरक. संदेश मिळालेल्यांपैकी तेवढ्याच प्रमाणात लोक तो पुढे पाठवतात असं धरलं, तर तीन फेऱ्यांत फरक ६४ पट होतो. प्रत्यक्षात एकच माणूस अनेक ग्रुपमध्ये असतो, त्यामुळे आकडे खाली येतात, पण तत्त्व तेच राहतं. गावोगाव भीती उसळण्याआधी पोलिसांना आणि खुलासा करणाऱ्यांना तास मिळतात. अफवेच्या प्रकरणात तासच मोलाचे असतात.

ऑगस्ट २०१९ मध्ये दुहेरी बाण आला. पाच किंवा अधिक हातांतून आलेल्या संदेशावर तो दिसतो. ७ एप्रिल २०२० रोजी, कोरोनाकाळात, असा संदेश एका वेळी एकाच चॅटला पाठवता येईल असं ठरलं. हे मोजायला मजकूर वाचावा लागत नाही, कारण फेऱ्यांचा मोजक संदेशासोबतच, कूटलेखनाच्या आतून, फोनकडून फोनकडे जातो. मर्यादा पाळायला लावतं ते फोनवरचं ॲप.

याचे दुबळे सांधेही तिथेच आहेत. मजकूर कॉपी करून नव्याने चिकटवला की मोजक शून्यावर. व्हिडिओ फोनमध्ये साठवून नवा म्हणून पाठवला की तेच. स्क्रीनशॉट घेतला की तेच. जीबी व्हॉट्सॲपसारख्या फेरफार केलेल्या ॲपमध्ये ही मर्यादाच नसते. कंपनी अशी खाती बंद करते, पण ती नव्याने उघडतात. एवढा खटाटोप ठरवून अफवा पेरणारा नक्की करेल. घाबरलेली आई मात्र सहसा करत नाही, आणि अफवेचा मोठा भार तिच्यासारख्यांच्याच फोनवरून वाहतो. म्हणून दुबळी असूनही ही मर्यादा उपयोगी पडते.

किती उपयोगी? पाचच्या मर्यादेनंतर पुढे पाठवण्याचं प्रमाण २५ टक्क्यांनी घटलं, आणि एका चॅटच्या मर्यादेनंतर फार फिरलेल्या संदेशांचं प्रमाण ७० टक्क्यांनी घटलं, असं कंपनीने सांगितलं. हे दोन्ही आकडे तिचे स्वतःचे आहेत. बाहेरच्या कोणाला ते तपासता आलेले नाहीत. भारत, ब्राझील आणि इंडोनेशियातल्या जाहीर ग्रुपांवर संशोधकांनी केलेल्या अभ्यासाने जास्त सावध चित्र दिलं : मर्यादेमुळे बहुतेक संदेशांचा प्रसार बराच लांबतो, पण फार जोमाने पसरणारा मजकूर थोपत नाही. ज्या मजकुराने माणसं मरतात तो नेमका दुसऱ्या प्रकारचा असतो.

आणि पुढे काय झालं ते पाहा. २०२२ मध्ये ग्रुपचा आकार आधी ५१२ आणि मग १,०२४ झाला. पाच ग्रुप गुणिले १,०२४ म्हणजे ५,१२०. हा बरोबर तोच आकडा आहे जो २०१८ मध्ये वीस ग्रुपांनी यायचा. एकदा पुढे पाठवलेला संदेश एका वेळी एकाच ग्रुपला पाठवता येईल असा नवा नियम त्यासोबत आला, म्हणून दुसऱ्या फेरीपासून आळा टिकून आहे. पण पहिल्या फेरीची पोच ग्रुप मोठा करून परत आली. सुरक्षेचा आकडा आणि धंद्याचा आकडा एकमेकांना गुणतात, आणि दोन्ही ठरवणारी संस्था एकच आहे. आमच्या मते या प्रकरणातली ही सर्वांत कमी बोलली गेलेली गोष्ट आहे.

‘पहिला पाठवणारा’ शोधण्याची मागणी

सरकारने दुसरा मार्ग धरला. २५ फेब्रुवारी २०२१ रोजी अधिसूचित झालेल्या माहिती तंत्रज्ञान नियमांतला नियम ४(२) सांगतो की ५० लाखांहून अधिक नोंदणीकृत वापरकर्ते असलेल्या संदेशसेवेने, न्यायालयाच्या किंवा सक्षम अधिकाऱ्याच्या आदेशावरून, संदेश सर्वप्रथम पाठवणाऱ्याची ओळख पटवता येईल अशी सोय ठेवावी. गुन्हे गंभीर असावेत, मजकूर उघड करायला सांगू नये, आणि कमी आक्रमक मार्गाने काम होत असेल तर असा आदेश काढू नये, अशा अटी त्यात आहेत. पहिला पाठवणारा परदेशात असेल तर भारतातला पहिला तो ‘पहिला’ मानला जाईल.

राईनपाड्यावर हा नियम लावून पाहिला की त्यातली गोम कळते. कराचीच्या फितीचा मूळ कर्ता निरपराध, आणि तोही परदेशात. भारतात ती फाइल सर्वप्रथम कोणी पाठवली? कदाचित ती कापणाऱ्याने. कदाचित यूट्यूबवर पाहून मित्राला ‘हे खरं आहे का?’ असं विचारणाऱ्याने. नियमाच्या नजरेत दोघे सारखेच. साक्रीत माणसं बिथरवणारं वाक्य फाइलमध्ये नव्हतं, ते सोबत आलं होतं, कधी तोंडी. शिवाय व्हिडिओ पुन्हा साठवला, आकुंचित केला, दोन सेकंद कापला, तर यंत्राच्या दृष्टीने ती वेगळी फाइल होते. मग एकाच अफवेचे शेकडो ‘पहिले’ निघतात.

याहून मोठी अडचण आहे ती नोंदीची. उद्या कोणत्या संदेशाबद्दल विचारणा होईल हे आज ठाऊक नसतं. म्हणून प्रत्येक संदेशाची खूणगाठ आणि पाठवणाऱ्याची ओळख आधीपासून जपून ठेवावी लागते : डॉक्टरशी बोलणाऱ्याची, वार्ताहराला कागद देणाऱ्याची, नवऱ्याविरुद्ध वकिलाचा सल्ला घेणाऱ्या बाईची. २०१९ मध्ये मद्रास उच्च न्यायालयातल्या एका प्रकरणात आयआयटी मद्रासचे प्राध्यापक व्ही. कामकोटी यांनी संदेशासोबत मूळ पाठवणाऱ्याची ओळख जोडण्याचा प्रस्ताव मांडला. आयआयटी मुंबईचे प्राध्यापक मनोज प्रभाकरन यांनी त्यावर सविस्तर तांत्रिक आक्षेप घेतले. त्यातला एक साधा आणि भक्कम आहे : ठरवून अफवा पेरणारा ही खूण चुकवू शकतो, सापडतो तो साधा माणूस. व्हॉट्सॲपने मे २०२१ मध्ये नियम ४(२) ला दिल्ली उच्च न्यायालयात आव्हान दिलं, आणि एप्रिल २०२४ मध्ये कूटलेखन मोडायला लावलं तर ही सेवाच जाईल अशी भूमिका तिथे मांडली.

पोलिसांना काही वेगळं साधन नव्हतं का? राईनपाड्यात मारेकऱ्यांची ओळख त्यांच्याच भोवती चित्रित झालेल्या व्हिडिओंवरून पटवली गेली आणि सुरुवातीच्या दोन दिवसांतच वीसहून अधिक जण अटकेत होते. भडकावणाऱ्याचा मागही साध्या तपासाने लागू शकतो. ज्याच्या फोनवर संदेश सापडला त्याला कोणी पाठवला हे तो फोनच सांगतो, मग एकेक कडी मागे जायचं. हे काम कष्टाचं आहे. पण त्यात कड्यांवर नसलेल्या कोट्यवधी लोकांची नोंद करावी लागत नाही.

कसोटी

ऑगस्ट २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी पुट्टस्वामी प्रकरणात खासगीपणा हा मूलभूत हक्क मानला. त्यात सरकार ढवळाढवळ करत असेल तर तीन गोष्टी दाखवाव्यात : त्याला कायद्याचा आधार आहे, उद्दिष्ट न्याय्य आहे, आणि उपाय त्या उद्दिष्टाच्या प्रमाणात आहे. आधीच्या २०१५ च्या श्रेया सिंघल निकालाने माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम ६६अ संदिग्ध शब्दांमुळे रद्द केलं होतं. त्या खटल्यामागे पालघरचं २०१२ चं प्रकरण होतं, ज्यात एका फेसबुक पोस्टवरून दोन तरुणींना अटक झाली होती. महाराष्ट्रात अफवा आणि मतप्रदर्शन यांतली रेषा पोलिसांनी घाईत ओढली की काय होतं, हे तेव्हाच कळून चुकलं होतं.

या मोजपट्टीवर माग लावण्याचा उपाय प्रमाणात बसत नाही, असं आमचं स्पष्ट मत आहे. पाठवण्याची मर्यादा बसते. ती कोणाचं नाव विचारत नाही, मजकुरावर मत देत नाही, कोणाला गप्प करत नाही, सर्वांना सारखी लागू होते. पण ती लोकशाही मार्गाने आली असंही म्हणता येत नाही. वीस कोटी लोकांच्या बोलण्याचा वेग एका खासगी कंपनीने बदलला. ना कोणती सुनावणी झाली, ना पाचच का हे सांगितलं गेलं. राज्यवार, भाषावार परिणाम जाहीर झाले नाहीत. उद्या तीच कंपनी हा आकडा पन्नास करू शकते. किमान मागणी एवढी हवी : आकडा बदलण्याआधी जाहीर सूचना, कारणांसह. फेऱ्यांच्या मोजकाची एकत्रित आकडेवारी, कोणाची ओळख न देता, स्वतंत्र संशोधकांना खुली. ग्रुपचा आकार वाढवण्याचा निर्णय आणि पाठवण्याच्या मर्यादेचा निर्णय एकत्र मांडून त्यांच्या गुणाकाराचा खुलासा.

या मर्यादेची एक किंमत क्वचितच बोलली जाते. ती खुलाशालाही तितकीच लागू होते. पोलीस अधीक्षकांचा ‘अफवांवर विश्वास ठेवू नका’ हा व्हिडिओ पाच हातांतून गेला की त्याच्यावरही दुहेरी बाण येतो आणि तोही एका चॅटपुरता उरतो. खरं-खोटं न पाहणाऱ्या साधनाकडून दुसरी अपेक्षाही करता येत नाही, पण खुलासा करणाऱ्याने हे आधीच हिशेबात धरायला हवं.

ठाण्याच्या आणि गावाच्या पातळीवर

राईनपाड्यानंतर सोळाव्या दिवशी, १७ जुलै २०१८ रोजी, तहसीन पूनावाला प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने जमावाच्या हिंसेबद्दल बारीक निर्देश दिले. प्रत्येक जिल्ह्यात पोलीस अधीक्षकांच्या दर्जाहून कमी नसलेला समन्वय अधिकारी, स्थानिक गुप्तवार्ता यंत्रणेसोबत महिन्यातून किमान एक बैठक, गेल्या पाच वर्षांत अशा घटना घडलेल्या जागांची यादी, पीडितांसाठी भरपाईची योजना, आणि खटला शक्यतो सहा महिन्यांत पूर्ण करणं. या यादीत समाजमाध्यमावरच्या भडकाऊ संदेशांबाबत गुन्हे नोंदवण्याचाही निर्देश आहे. तो वापरताना पालघरची आठवण ठेवावी. घाबरून ‘सावध राहा’ लिहिणारी व्यक्ती आणि जमाव गोळा करणारी व्यक्ती यांत फरक करायला हवा.

ग्रुपच्या ॲडमिनवर सरसकट गुन्हे घालण्याची सवयही चुकीची. १ मार्च २०२१ रोजी मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने गोंदिया जिल्ह्यातल्या प्रकरणात सांगितलं की सदस्याने टाकलेल्या आक्षेपार्ह मजकुराबद्दल ॲडमिन आपोआप गुन्हेगार ठरत नाही, समान उद्देश किंवा पूर्वनियोजन दाखवावं लागतं. ॲडमिनच्या हाती सदस्याला काढणं, संदेश पुसणं आणि फक्त ॲडमिनना लिहिता येईल असं करणं एवढंच असतं. अफवेच्या दिवशी गावच्या ग्रुपवर शेवटची सोय दोन दिवस चालू केली तर खूप काही साधतं, आणि त्यासाठी कोणाला अटकेची भीती घालावी लागत नाही.

खुलासा कसा करावा, याचं थोडं शास्त्र आहे. पहिल्या दोन तासांत तो गेला पाहिजे. आवाज किंवा तीस-चाळीस सेकंदांचा व्हिडिओ हवा, त्या पट्ट्याच्या बोलीत. बोलणारा ओळखीचा असावा : ठाण्याचा फौजदार, आशा ताई, सरपंच, शाळेचे गुरुजी. सुरुवात खऱ्या माहितीने करावी, ‘आपल्या ठाण्याच्या हद्दीत मूल पळवल्याची एकही तक्रार नाही’ अशी, अर्थात ती खरी असेल तरच. मग अफवा एकदाच, थोडक्यात. मग पुन्हा खरी माहिती आणि काय करायचं ते : संशय आला तर ११२, मुलाबद्दल काळजी असेल तर १०९८, आणि तोवर कोणाला हात लावायचा नाही. मूळ व्हिडिओ खुलाशात पुन्हा दाखवू नये. दाखवावाच लागला तर एक स्थिर चित्र घेऊन त्यावर मोठी फुली मारावी, कारण कापलेला खुलासाच उद्याची अफवा होतो. कराचीच्या फितीचं नेमकं हेच झालं होतं.

आणि पाठवण्याच्या मर्यादेमुळे एक युक्ती लक्षात ठेवावी. एका ठिकाणाहून पुढे-पुढे पाठवण्यापेक्षा पन्नास पोलीस पाटलांनी तो संदेश आपापल्या फोनवर, आपल्या आवाजात, नव्याने रेकॉर्ड करून टाकावा. त्याचा मोजक शून्यापासून सुरू होतो, आणि गावाला आवाजही ओळखीचा वाटतो. ब्रॉडकास्ट यादी (एकच संदेश अनेकांना वेगवेगळा पाठवण्याची सोय) २५६ जणांपर्यंत जाते, पण ज्यांनी पाठवणाऱ्याचा क्रमांक साठवला आहे त्यांनाच तो संदेश मिळतो. म्हणून ठाण्याचा क्रमांक गावकऱ्यांच्या फोनमध्ये आधीच, शांततेच्या काळात, साठवून घ्यावा.

इंटरनेट बंद करणं हा जिल्हा प्रशासनाला सोपा वाटणारा उपाय आहे. जानेवारी २०२० च्या अनुराधा भसीन निकालानंतर तसे आदेश प्रसिद्ध करावे लागतात आणि ते प्रमाणात असल्याचं दाखवावं लागतं. अफवेच्या बाबतीत त्याचा तोटा उघड आहे. अफवा आधीच पोचलेली असते, थांबतो तो खुलासा.

हिंडण्याचा हक्क

या विषयावरच्या जवळजवळ सगळ्या लिखाणात संविधानाचं कलम १९(१)(अ) येतं, म्हणजे बोलण्याचं स्वातंत्र्य. राईनपाड्यातल्या पाच जणांचं जे हिरावलं गेलं त्यात जगण्याच्या हक्काबरोबर कलम १९(१)(ड) होतं : भारतभर मुक्तपणे फिरण्याचा हक्क. डवरी गोसाव्यांचं पोट फिरण्यावर चालतं. डमरूसारखं डवरू वाजवत गावोगाव भिक्षा मागायची, दूरच्या जिल्ह्यात पालं ठोकायची, हंगाम संपला की परतायचं. अनोळखी चेहरा म्हणजे धोका, हे एकदा फोनवरून गावाच्या मनात बसलं की सर्वांत आधी मार पडतो तो फिरस्त्याला. ज्याच्याकडे बहुधा खुलासा करायला ग्रुपही नसतो.

१ जुलै २०२४ रोजी, राईनपाड्याला सहा वर्षं झाली त्याच तारखेला, भारतीय न्याय संहिता लागू झाली. तिच्या कलम १०३(२) मध्ये पाच किंवा अधिक जणांनी मिळून वंश, जात, समुदाय, लिंग, जन्मस्थान, भाषा, वैयक्तिक श्रद्धा किंवा तत्सम इतर कारणावरून केलेला खून वेगळा गुन्हा ठरवला आहे, शिक्षा जन्मठेप किंवा मृत्युदंड. ‘मुलं पळवणारे वाटले’ हे कारण त्या यादीत नाही. राईनपाड्यासारख्या घटनेत सरकारी वकिलाला दाखवावं लागेल की संशय येण्याचं कारणच त्यांचा समुदाय आणि परगावचं असणं हे होतं. तपासात ते सुरुवातीपासून नोंदवलं नाही तर पुढे सिद्ध होत नाही. म्हणून जबाब घेताना ‘तुम्हाला ते टोळीचे का वाटले?’ हा प्रश्न विचारून त्याचं उत्तर शब्दशः लिहून ठेवायला हवं.

प्रतिबंधासाठी फिरस्त्यांनी पालं ठोकण्याआधी ठाण्यात नोंद करावी, ओळखपत्र बाळगावं, अशी सूचना अधूनमधून येते. तिच्यात एक जुनी जखम आहे. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने कित्येक भटक्या जमातींना ठाण्यात हजेरी लावायला भाग पाडलं, आणि तो कायदा १९५२ मध्ये जाऊन इतकी वर्षं झाली तरी हजेरी हा शब्द त्या वस्त्यांत विसरला गेलेला नाही. पोलिसांनी फिरस्त्यांची माहिती गोळा करायची, की गावाने फिरस्त्यांची ओळख करून घ्यायची, यांत मोठं अंतर आहे. दुसरं करता येतं. पालं उतरली त्या संध्याकाळी पोलीस पाटील आणि सरपंच तिथे जाऊन बोलतात, त्यांच्या संमतीने एक छोटा व्हिडिओ घेतात आणि गावच्या ग्रुपवर स्वतःच्या आवाजात टाकतात : ‘ही मंडळी मंगळवेढ्याची, दरवर्षी या दिवसांत येतात, आठ दिवस शाळेमागच्या मैदानात आहेत.’ त्यांची नावं, आधार क्रमांक, कागद यांपैकी काही त्यात नसतं. नोंदवहीत काही जात नाही. आठवडी बाजाराच्या आदल्या दिवशी तो पुन्हा टाकायचा.